कपातीचा हिशेब रस्त्यावरच का मागावा लागतो?

२०२५ च्या पावसाळ्यात नाशकात जुन्या आग्रा रोडवर, आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांमधल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड आंदोलन मांडलं. राहणं, खाणं, झोपणं सगळं रस्त्यावरच. सुरगाणा, पेठ, कळवण आणि त्याही पलीकडून आलेली माणसं, कोणी शिक्षक, कोणी स्वयंपाकी, कोणी पडेल ते वरकाम करणारा कामाठी. वर्षानुवर्षं रोजंदारीवर काम केल्यावर त्यांना कळलं की आता ही पदं बाह्यस्रोतातून भरणार, म्हणजे कंपनी माणसं पुरवणार आणि तुम्ही घरी. त्या आठवड्यांमधे नाशकात कुठेही विषय निघाला की दोनच बाजू ऐकू यायच्या. एक म्हणायची, यांना सरकारचे जावई व्हायचंय, आम्हाला प्रायव्हेटमधे एका मेलवर काढतात तेव्हा आम्ही कुठे गडकरी चौक अडवतो? दुसरी म्हणायची, सरकार गरिबांच्या जिवावर उठलंय, संपला विषय. दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या आणि पैसे नक्की किती वाचणार, कोणाचे वाचणार, ती कामं उद्या कोण करणार याबद्दल कोणी एक अक्षर काढत नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैशाची तंगी असताना सरकार माणसं कमी करतं तेव्हा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरणं योग्यच आहे, आणि ते फक्त ज्यांची रोजी जाते त्यांच्या पोटासाठी नाही. सरकारी कपातीचा हिशेब कुठेच मांडला जात नाही. बजेटात एक आकडा येतो, एखादा जीआर निघतो, मग खाली कुठेतरी मस्टरवरचं नाव गायब होतं. कोणाला काढलं, कशाच्या आधारावर काढलं, वाचलेला पैसा कुठे गेला हे विचारायला त्या माणसाकडे ना आमदार, ना वकील, ना पेपरातला कॉलम. जे काही थोडंफार उघड होतं ते मोर्चा निघाल्यावरच होतं, कारण त्याशिवाय खुलासा द्यायची सरकारला गरजच पडत नाही.

आता समोरच्यांचं म्हणणं घेऊ, कारण ते सगळं काही टाकाऊ नाहीये. प्रायव्हेटवाल्यांचा राग खरा आहे. सातपूर, अंबडच्या कारखान्यांमधे ज्यांनी पंधरा-वीस वर्षं मशीनवर काढली त्यांनी कंपन्या बंद पडताना, युनिट दुसऱ्या राज्यात जाताना, व्हीआरएसच्या नावाखाली अर्धी शिफ्ट रिकामी होताना बघितलीये. कोविडमधे तर कित्येकांना फोनवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तेव्हा त्यांच्यासाठी कोणी रस्त्यावर झोपलं नाही, आणि त्यांच्याच टॅक्समधून ज्यांचे पगार होतात त्यांनी ओरड करावी हे त्यांना टोचतं. टोचणारच. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? आपल्याला न्याय मिळाला नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळू नये? बरं, प्रायव्हेट कामगाराला काढताना निदान कागदावर तरी जे काही मिळतं, एक महिन्याची नोटीस, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, जो शेवटी आला तो आधी जाणार हा नियम, हे कुठल्या शेठने खूश होऊन दिलेलं नाही. १९५३ साली कापड गिरण्यांमधे माल पडून राहिला, हजारो कामगार घरी बसतील अशी वेळ आली, कामगार चळवळीचा दबाव होता, तेव्हा सरकारने आधी वटहुकूम आणि मग औद्योगिक विवाद कायद्यात नवं प्रकरण घालून हे दिलं. म्हणजे मंदीत, कपातीच्या भीतीतूनच हा हक्क आला. आणि गंमत अशी की आश्रमशाळेतल्या रोजंदारी माणसाच्या पदरात बऱ्याचदा एवढंही पडत नाही. त्याला दरवर्षी ऑर्डर, मधे तांत्रिक खंड, पुन्हा नवी ऑर्डर. बारा वर्षं काम करून कागदावर तो कायम नवाच. ज्याला आपण सरकारचा जावई म्हणतो त्याची नोकरी अंबडमधल्या कायम कामगारापेक्षा कच्ची आहे, हे त्या वादात कितीजणांना माहीत होतं?

दुसरा मुद्दा, पैसाच नाहीये. यात तथ्य आहे आणि ते नाकारणाऱ्या युनियन लीडर लोकांचा मला कंटाळा येतो. महाराष्ट्रावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेलंय, २०२५-२६ च्या बजेटातच महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर दाखवलेली, लाडक्या बहिणीचे दीड हजार दर महिन्याला काढायचे, ठेकेदार बिलं थकली म्हणून ओरडतायत. पगार, पेन्शन आणि व्याज यांनी तिजोरीचा मोठा भाग आधीच खाल्लेला असतो हेही खरं. तेव्हा "पैसे आहेत पण द्यायचे नाहीत" एवढंच ओरडून भागत नाही. पण तंगी आहे हे मान्य केलं की लगेच कपात बरोबर ठरते असं कुठंय? राज्य सरकारची मंजूर पदं सात लाखांच्या वर, त्यातली दोन लाखांच्या वर कित्येक वर्षं रिकामी. ही कपात नाही तर काय आहे? कोणाला काढलं नाही, नोटीस दिली नाही, म्हणून मोर्चा नाही, बातमी नाही. माणूस रिटायर होतो, जागा गोठते, शेजारच्या टेबलावर त्याची फाईल येते. तलाठ्याकडे दोन-तीन गावांचा अतिरिक्त पदभार, प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स एकच. म्हणजे सरकारी माणसं जास्त झाली म्हणून राज्य बुडालं हे गृहीतकच तपासून बघायला हवं, आणि ते तपासायच्या आधीच आपण रस्त्यावर बसलेल्या कामाठ्याला गुन्हेगार ठरवून मोकळे झालो.

या बाबतीत पाचव्या वेतन आयोगाची गोष्ट फार बोलकी आहे. १९९७ मधे त्या आयोगाने केंद्राला दोन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या, पगार वाढवा आणि दहा वर्षांत मनुष्यबळ ३० टक्क्यांनी कमी करा. पगारवाढ झाली. कपातीचं मात्र कोणी मनावर घेतलं नाही, मग काही वर्षांनी राज्यांच्या तिजोऱ्या खडखडाट झाल्यावर तिचीच आठवण आली, पण तोपर्यंत वरच्या खुर्च्यांना हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. मग सोपा मार्ग निघाला, नवीन भरती बंद आणि खालची कामं ठेक्यावर. तेव्हापासून आपल्याकडे तंगी आली की कात्री शिपाई, सफाई कामगार, ड्रायव्हर, कामाठी, तासिका शिक्षक यांच्यावरच चालते. त्यांचा पगार सगळ्यात जास्त म्हणून नाही, त्यांना काढणं सगळ्यात सोपं म्हणून. कायम कर्मचाऱ्याला काढायचं तर घटनेचं ३११ वं कलम आडवं येतं, चौकशी करा, म्हणणं ऐकून घ्या. रोजंदारीवाल्याची फक्त पुढची ऑर्डर काढायची नाही, झालं.

आणि यातून खरंच बचत होते का? नाशिक महापालिकेचंच बघा. महापालिका झाली १९८२ ला, तेव्हाचं नाशिक आणि आत्ताचं नाशिक यात जमीन-अस्मानाचा फरक, २०११ च्या जनगणनेतच पंधरा लाखांजवळ पोचलेलं शहर, त्यानंतर पाथर्डी, आडगाव, मखमलाबादकडे किती वाढलं ते डोळ्यांनी दिसतंच. पण आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगारापाण्याचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवा हा शासनाचा नियम, म्हणून कायम भरती वर्षानुवर्षं अडकलेली. मग झाडू मारायला माणसं लागत नाहीत का? लागतात. ती ठेकेदाराकडून घ्यायची. ठेकेदाराचं बिल आस्थापना खर्चात धरलं जात नाही, ते वेगळ्या हेडखाली जातं, त्यामुळे टक्केवारी छान दिसते. पैसा मात्र त्याच तिजोरीतून जातो, वर ठेकेदाराचा सर्व्हिस चार्ज, आणि कामगाराच्या हातात किती पडतं ते देव जाणे. याला बचत म्हणायचं? एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात टाकायचा, त्यातला थोडा मधल्यामधे गळू द्यायचा आणि पहिला खिसा हलका झाला म्हणून पाठ थोपटून घ्यायची.

सिटीलिंकचा अनुभव तर प्रत्येक नाशिककराच्या अंगावर आलेला आहे. २०२१ मधे बससेवा सुरू झाली, वाहक ठेकेदारामार्फत. पुढे पगार थकले की वाहक काम बंद करणार, सकाळी निमाणी आणि नाशिकरोडला लोक ताटकळणार, महापालिका म्हणणार ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणणार बिलात कपात केली, दंड लावला, आणि दोन दिवसांनी कसंबसं मिटणार. हे एकदा नाही, परत परत झालंय. कायम कर्मचारी नकोत कारण ते संप करतात, असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. संप तर ठेक्यातही होतातच. फरक एवढाच की आता जबाबदार कोण हे प्रवाशालाही कळत नाही आणि कामगारालाही कळत नाही.

याच प्रकाराचं सगळ्यात ठळक उदाहरण ग्रीसमधलं आहे. २०१० नंतर तिथे कर्जाचं संकट, युरोपियन युनियन आणि आयएमएफने मदत दिली ती खर्चकपातीच्या अटीवर, अमुक इतके सरकारी कर्मचारी कमी झालेच पाहिजेत. मग २०१३ मधे अर्थमंत्रालयाच्या आणि टॅक्स ऑफिसांच्या ५९५ सफाई कामगार बायकांना काढलं. देश बुडवणारी कर्जं काढली कोणी, खोटे आकडे दिले कोणी, आणि गेल्या कोण तर फरशी पुसणाऱ्या. काम काही संपलेलं नव्हतं, ते खासगी कंपन्यांकडे गेलं. त्या बायका मंत्रालयाच्या दारात ठाण मांडून बसल्या, हातातले लाल रबरी ग्लोव्ह हीच त्यांची खूण झाली, पोलिसांशी झटापटी झाल्या, कोर्टबाजी झाली, आणि २०१५ मधे सरकार बदलल्यावर त्यांना परत घेतलं गेलं. त्यांनी घरी बसून अर्ज केले असते तर कोणी ओळखलं असतं का त्यांना? आणि एवढी कपात करून ग्रीसचं भलं झालं म्हणाल तर तेही नाही, अर्थव्यवस्था जवळजवळ चौथ्या हिश्श्याने आकसली, बेकारी २७ टक्क्यांवर गेली. २०१३ च्या सुरुवातीला आयएमएफचेच मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी एका सहकाऱ्याबरोबर पेपर लिहून मान्य केलं की मंदीत खर्च कापला की उत्पन्न किती पडतं याचा अंदाज आधी फार कमी धरला गेला होता. हे समजायला खरंतर पेपरची गरज नाही. सुरगाण्याच्या किंवा हरसूलच्या आठवडे बाजारात जा आणि किराणावाल्याला विचारा, आश्रमशाळेतल्या पंधरा माणसांचा पगार बंद झाला तर तुझ्या गल्ल्याला काय होतं. तिथे दुसरं पगारदार आहेच कोण?

आता सगळ्यात जड मुद्दा, ज्यापुढे मलाही थांबावं लागतं. मागच्या दाराचा. ही रोजंदारी माणसं आली कशी? जाहिरात नाही, स्पर्धा परीक्षा नाही, कुठे प्रकल्प कार्यालयातून, कुठे मुख्याध्यापकांच्या ओळखीने लागली, आणि आता दहा वर्षं झाली म्हणून कायम करा म्हणतात. मग गंगापूर रोडच्या, कॉलेज रोडच्या अभ्यासिकांमधे जी पोरं सकाळी सातपासून खुर्ची धरून बसतात, टीईटी देतात, एमपीएससी देतात, वयाची तिशी गाठतात, त्यांचं काय? त्यातही आदिवासी पोरं आहेत, तीही त्याच पेठ-सुरगाण्याची. सुप्रीम कोर्टाने २००६ च्या उमादेवी निकालात नेमकं हेच म्हटलं की तात्पुरत्या नेमणुकीतून कायम व्हायचा हक्क तयार होत नाही, नाहीतर समान संधीला अर्थच उरणार नाही. हा युक्तिवाद मला पटतो. सरसकट सगळ्यांना कायम करा ही मागणी मला म्हणूनच पूर्ण मान्य नाही.

पण मग सरकारने काय केलं ते बघा. रोजंदारीवाल्यांना काढून त्या जागांची जाहिरात काढली का? परीक्षा घेतली का? सतराशेहून जास्त शिक्षकांची पदं एका कंपनीमार्फत भरायचं ठरवलं. म्हणजे जुना माणूसही गेला आणि अभ्यासिकेतल्या पोरालाही जागा नाही मिळाली. मागचं दार बंद करून पुढचं उघडलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या, इथे दोन्हीला कुलूप लावून किल्ली एजन्सीला दिली. उमादेवी निकालाचं नाव घेऊन हे करणं तर जास्तच वाईट, कारण त्याच सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मधे जग्गो खटल्यात साफ सांगितलं की वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करून घ्यायचं आणि मग उमादेवीची ढाल पुढे करून माणसं काढायची, हा त्या निकालाचा गैरवापर आहे. तेव्हा अभ्यासिकेतला पोरगा आणि रस्त्यावरचा कामाठी हे एकमेकांचे शत्रू नाहीतच. त्यांना एकमेकांसमोर उभं करणं ज्यांच्या सोयीचं आहे त्यांनी ते बरोब्बर केलंय.

पोरांना आठवत नसेल तर २०२३ आठवून द्यायला हवं. त्या सप्टेंबरमधे नऊ खासगी कंपन्यांमार्फत सरकारी पदं भरायचा जीआर आला होता, अगदी इंजिनिअर, अधिकारी दर्जाच्या पदांपर्यंत. तेव्हा हीच स्पर्धा परीक्षेची पोरं जिल्ह्याजिल्ह्यांत रस्त्यावर उतरली, विरोधी पक्षही मागून आले, आणि २० ऑक्टोबरला सरकारने जीआर रद्द केल्याचं जाहीर केलं, वर हे पाप मागच्या सरकारचं असंही सांगितलं. पाप कोणाचंही असो, ते धुतलं गेलं ते मोर्चांनी. आणि त्याच वर्षी मार्चमधे जुन्या पेन्शनचा संप चालू असताना कोल्हापुरात बेरोजगार पोरांनी उलटा मोर्चा काढला होता, आम्ही निम्म्या पगारावर काम करायला तयार आहोत म्हणून. त्यांची चीड समजते. पण तू निम्म्यावर तयार झालास तर उद्या पाव पगारावर तयार असलेला उभाच असतो आणि त्याला घेऊन येणारी एजन्सीही उभी असते.

लोकांना त्रास होतो, हेही घेऊ. होतो. रस्ता आठवडेच्या आठवडे बंद राहिला तर आजूबाजूच्या दुकानदारांचा धंदा बसतो, रिक्षावाल्याचा फेरा वाढतो, शाळेच्या बस अडकतात, आणि त्या दुकानदाराने कोणाची नोकरी खाल्लेली नसते. आंदोलन करणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा, आणि नाशकाने तो कसा करायचा हे आधी करून दाखवलेलं आहे. मार्च २०१८ मधे इथल्या सीबीएस बसस्टँडपासून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, जवळपास १८० किलोमीटर चालत मुंबईला पोचला आणि दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या पोरांचे हाल नकोत म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून ती माणसं पहाटे आझाद मैदानात आली. पायांची सालटी निघालेली. मुंबईकरांनी पाण्याच्या बाटल्या, चपला आणून दिल्या, कारण त्यांना कळलं की ही माणसं आपला विचार करतायत. हे सगळ्या युनियन लोकांनी गिरवावं असं मला वाटतं. पण त्रासाची बाजू एकच नसते ना. मोर्चा एका दिवसात संपला असता तर रस्ता बंदच झाला नसता. तो आठवडेच्या आठवडे चालतो कारण ज्या इमारतीसमोर तो बसलेला असतो तिच्यातून निर्णय घेऊ शकणारं कोणी बाहेर येत नाही, आयुक्तालय म्हणतं मंत्रालयात विचारा, मंत्री म्हणतात बघू. बंद रस्त्याचा खर्च त्या उशिरावरही टाकायला नको का? प्रत्येक गोष्टीला काळाराम आठवू नये हे मला कळतं, पण ज्या शहरात १९३० ला सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षं चालला त्या शहराने तरी, इतके दिवस बसतात म्हणजे रिकामटेकडे असणार, असं म्हणू नये.

मग कोणीतरी १९८२ काढतंच. दत्ता सामंतांचा संप झाला आणि गिरण्या संपल्या, बघा काय मिळालं. त्या संपाचे हिशेब वेगळे, गिरण्यांच्या जमिनी, मालकांनी आधीच बंद केलेली गुंतवणूक, ते सगळं इथे नको. माझा आक्षेप साधा आहे. संप म्हणजे हातातलं काम थांबवणं. ज्याच्या हातातलं कामच काढून घेतलं तो संप करणार कशाचा? त्याच्याकडे थांबवायला काही उरलेलंच नाही, त्याच्याकडे फक्त येऊन बसणं आहे. म्हणून संपाविरुद्धचे निकाल, संपबंदीचा मेस्मा कायदा, जनतेला वेठीस धरलं वगैरे भाषा कपातीविरुद्धच्या आंदोलनाला लावणं म्हणजे शुद्ध गल्लत आहे. आणि संपाच्या बाबतीतही कडक हाताने सरकारचं भलं होतं असा इतिहास नाही. जुलै २००३ मधे तमिळनाडूत जयललितांनी संपावर गेलेल्या जवळपास १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ केलं होतं. तेव्हाही तिजोरी रिकामी होती, पेन्शन आणि रजेच्या सवलती काढल्या म्हणून संप झाला होता, आणि देशभरातल्या मध्यमवर्गाने वा वा केलं, अशीच बाई पाहिजे म्हणून. ऑगस्टमधे सुप्रीम कोर्टाने सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा नैतिक हक्कसुद्धा नाही असं म्हटलं खरं, पण बहुतेकांना परत घ्यायलाही लागलं, आणि २००४ च्या लोकसभेत तमिळनाडूच्या ३९ पैकी एकही जागा जयललितांच्या आघाडीला मिळाली नाही. त्यानंतर एकेक निर्णय मागे. एवढा सगळा खटाटोप करून तिजोरीत काय पडलं?

पण माझी खरी तक्रार कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांबद्दल आहे. या संघटनांमधे ताकद नाही असं नाही. १९७७-७८ मधे राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला होता, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता द्या म्हणून, तो आजही अभिमानाने सांगतात. मार्च २०२३ मधे जुन्या पेन्शनसाठी सात दिवस राज्य ठप्प केलं. मागण्यांच्या यादीत कंत्राटींना नियमित करा हेही होतंच, पण घोषणा काय होती? एकच मिशन, जुनी पेन्शन. एकच. ज्याला पगाराचीच खात्री नाही त्याने तुमच्या पेन्शनसाठी टाळ्या वाजवायच्या आणि त्याची ऑर्डर थांबली की तुम्ही पाठिंब्याचं पत्र देऊन साडेपाचला घरी जायचं? एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममधे एकाला सातव्या आयोगाचा पगार आणि शेजारच्याला त्याच्या पाव हिश्श्याएवढं मानधन, आणि पहिल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. लोकांच्या मनात सरकारी नोकरांबद्दल जी चीड आहे ती यातून येते, आणि मग ती चुकीच्या माणसावर, रस्त्यावर बसलेल्या त्या कामाठ्यावर निघते.

तंगीत ओझं वाटून घेता येतं, आणि ते याच महाराष्ट्राने केलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात सरकारने हात वर केले नाहीत, कामं काढली, आणि वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर गेली. पैसा आणला कुठून? १९७५ मधे व्यवसाय कर आला. तुमच्या सॅलरी स्लिपवर आजही दर महिन्याला जे २०० रुपये कापलेले दिसतात तो हा कर. शहरातल्या पगारदाराने, सरकारी असो की प्रायव्हेट, खेड्यातल्या बेकार माणसासाठी थोडा भार उचलायचा, असा तो सरळ सौदा होता. आणि लांब कशाला, मार्च २०२० मधे कोविडने उत्पन्न थांबलं तेव्हा राज्य सरकारने काय ठरवलं होतं? मुख्यमंत्र्यांपासून आमदारांपर्यंत ६० टक्के कपात, अ आणि ब वर्ग ५० टक्के, क वर्ग २५ टक्के आणि ड वर्गाला शून्य. नंतर ती कपात नसून दोन टप्प्यांत पगार असं सांगितलं गेलं, तो भाग वेगळा. पण तंगीत कात्री वरून खाली चालवता येते, सगळ्यात खालच्याला सोडताही येतं, हे मंत्रालयाला माहीत आहे आणि त्यांनी ते कागदावर आणलंही होतं. मग आश्रमशाळेच्या बाबतीतच कात्री खालून का सुरू झाली? कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनेने, आमचा महागाई भत्ता सहा महिने थांबवा पण या माणसांना काढू नका, असं एकदा तरी म्हणून बघावं. उद्या सोसायटीच्या मीटिंगमधे त्यांना शिव्या घालणारा माणूस निम्मा गप्प होईल.

आणि हे सगळं परत येणार आहे, फार लांब नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी हजारो कोटींची कामं निघालीयेत, रस्ते, घाट, मलनिस्सारण, आणि त्याबरोबर सफाईला, आरोग्याला, पाणीपुरवठ्याला, सुरक्षेला ठेक्यावर माणसं. पर्वणी संपली, निधी संपला की त्यातल्या बहुतेकांना एका महिन्यात सांगितलं जाईल की उद्यापासून येऊ नका. काम तात्पुरतं आहे हे मान्य, सगळ्यांना कायम करा असं कोणी म्हणणार नाही. पण पीएफ भरला का, शेवटच्या दोन महिन्यांचा पगार कोण देणार, ठेकेदार पळाला तर महापालिका उभी राहणार का, पुढच्या भरतीत या अनुभवाला मार्क मिळणार का, हे टेंडरच्या अटींमधे आत्ताच लिहून घेता येतं. तपोवनात साधुग्रामच्या जागेवरून जेवढी चर्चा शहरात झाली त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी तरी या अटींवर व्हायला हवी, नाहीतर २०२८ मधे महापालिकेच्या राजीव गांधी भवनासमोर जो रस्ता बंद होईल त्याबद्दल आत्तापासूनच तक्रार लिहून ठेवा.